मुंडासे, घोंगडी आणि हिशेबाची वही

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास कुणाला तरी लिहावाच लागतो. हे काम बहुधा अशा माणसाच्या गळ्यात पडते, ज्याचे गुडघे आता मोहिमेला नकार देतात, पण जुन्या वह्या कुठल्या कपाटात आहेत हे ज्याला ठाऊक असते. संस्थापकांची छायाचित्रे, आजवरच्या अध्यक्षांची नावे आणि देणगीदारांची यादी मागच्या पानांवर आहे. इथे मी मंडळाच्या पोशाखाबद्दल आणि पैशाबद्दल लिहिणार आहे, कारण आपल्या मंडळातली सगळी महत्त्वाची भांडणे या दोन गोष्टींवरून झाली, आणि मंडळ घडले तेही त्या भांडणांतूनच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पन्हाळगड ते पावनखिंड ही वाट आपण शोधली नाही. आषाढाच्या पावसात ती चालण्याची प्रथाही आपली नव्हे. कोल्हापुरातले कितीतरी गट आपल्या आधीपासून ही मोहीम काढत आले आहेत आणि आपल्यातले जुने लोक त्यांच्याच मागून चालत शिकले. आपण भर घातली ती मावळ्याच्या वेशाची, आणि त्या वेशाच्या जोरावर झोळी फिरवून वाटेवरच्या वाड्यांतल्या शाळांसाठी उभ्या केलेल्या निधीची.

ज्या रात्रीसाठी हे सगळे चालते ती आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे, तरी नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. अफजलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूर दरबाराने सिद्दी जौहरला सलाबतखान हा किताब देऊन रवाना केले आणि मार्च १६६० मध्ये महाराज गडावर असतानाच वेढा पडला. पाऊस लागला की वेढा ढिला पडेल ही अपेक्षा जौहरने खोटी ठरवली. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून गडावर डागल्या. त्याचा जाब महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापुरात जाऊन विचारला. नेताजी पालकरांना बाहेरून वेढा फोडता आला नाही. तिकडे शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. अशा कोंडीत १२ जुलैच्या रात्री महाराज निवडक बांदल मावळ्यांसह राजदिंडीच्या वाटेने उतरले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात नेबापूरचा शिवा काशीद बसला आणि ओळख पटताच मारला गेला. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि फुलाजी या बंधूंनी हिरडस मावळातल्या बांदलांना घेऊन पाठलाग अडवला. महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोहोचले, तर तिथेही शृंगारपूरच्या सुर्व्यांचा आणि पालवणच्या दळव्यांचा वेढा होता. तो कापून वर जावे लागले.

व्याख्यानांत गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. पण पुढे सप्टेंबरमध्ये महाराजांनी पन्हाळा जौहरच्या हवाली केला आणि तो परत घ्यायला मार्च १६७३ उजाडावा लागला. कोंडाजी फर्जंद आणि त्याच्या साठ माणसांनी तो घेतला. मुक्कामाच्या रात्री होणाऱ्या भाषणात हा भाग गाळायचा नाही, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. ज्या गडासाठी एवढे रक्त सांडले तो गड राजाने हिशेब करून सोडला, हे पायांना फोड आलेल्या पोरांना त्या रात्री नीट समजते.

मंडळ जन्मले ते गेल्या शतकाच्या अखेरच्या पावसाळ्यांत. सहकारी बँकेतले दोघे कारकून, एक प्राथमिक शिक्षक, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणारे तिघे आणि एक शिंपी, अशी ही मंडळी दुसऱ्या एका गटाबरोबर मोहिमेला गेली होती. मुक्काम वाडीवरच्या शाळेत होता. सकाळी मुले आली ती खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, आणि पाहुण्यांनी वर्ग अडवलेला पाहून ओसरीवर ओळीने उभी राहिली. परतीच्या एसटीत ठरले की पुढच्या वर्षी यायचे ते या मुलांसाठी काहीतरी घेऊन.

पैसा उभा करणे सोपे नव्हते. आम्ही डोंगरात चालणार आहोत, तुम्ही शाळेसाठी पैसे द्या, या दोन वाक्यांचा संबंध पेठेतल्या दुकानदाराला लागेना. तेव्हा शिंपीबुवांनी तोड काढली: मावळ्यांच्या वेशात झोळी फिरवायची. आषाढ लागण्याआधीच्या रविवारी शिवाजी पेठेतून निघून महाद्वार रोडने फेरी निघाली आणि झोळी भरली. मावळ्याच्या वेशातला माणूस समोर उभा असताना खिशात हात न घालता पुढे जाणे कोल्हापूरकराला अवघड जाते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आजतागायत आपले अंदाजपत्रक त्याच सिद्धांतावर उभे आहे.

पोशाख अर्थातच भाड्याचा होता. या गावात ऐतिहासिक पोशाखाची कधी टंचाई नव्हती. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. १९५२चा ‘छत्रपती शिवाजी’ आणि १९६४चा ‘मराठा तितुका मेळवावा’ हे चित्रपट त्यांचे. मावळा म्हणजे कसा, हे दोन पिढ्यांनी पडद्यावर पाहून ठरवले होते. त्यामुळे नाटक-सिनेमाला कपडे पुरवणाऱ्यांकडून जे आले ते मखमली होते. जांभळ्या आणि लाल रंगाचे अंगरखे, काठाला जर, डोक्याला तयार शिवलेली पगडी आणि कमरेला पत्र्याची तलवार. पेठेत ते शोभून दिसले. कार्यकारिणीच्या उत्साहाला भरती आली आणि याच पोशाखात मोहीम करायची असा ठराव झाला.

मसाई पठारावर या ठरावाची अंमलबजावणी झाली. ज्यांनी जुलैत ते पठार पाहिलेले नाही त्यांना सांगतो: तिथे पाऊस वरून पडत नाही, तो बाजूने येतो. धुके इतके दाट की पुढच्याची पाठ दिसेनाशी होते. मखमल पाणी पिऊन अंगाला ओढू लागली, लाल रंग उतरून मांड्यांपर्यंत आला, जर सुटून काट्याकुट्यांत अडकली, आणि पुठ्ठ्यावर उभारलेल्या पगड्या कुंभारवाडीला पोहोचेपर्यंत लगदा होऊन गेल्या. पहिल्या वहीत त्या वर्षीच्या खर्चाच्या बाजूला ‘वह्या-पुस्तके’ आणि ‘पोशाख नुकसानभरपाई’ या नोंदी एकाखाली एक आहेत. त्यांतली मोठी रक्कम कुठली, हे आकडा न देताही वाचकांच्या लक्षात येईल.

वार्षिक सभेत यावरून जे रण माजले त्याचे इतिवृत्त खजिनदारांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, आणि त्यात विशेषणे भरपूर आहेत. एक बाजू म्हणे, वेश पेठेपुरता ठेवा आणि डोंगरात रेनकोट घाला. दुसरी बाजू म्हणे, मग आपण मावळे नव्हे, बहुरूपी. हा वाद मिटवला तो मंडळाचा सभासदही नसलेल्या एका म्हाताऱ्या धनगराने. सुकामाच्या धनगरवाड्यावर भिजून कुडकुडणाऱ्या मखमली मावळ्यांकडे बघून तो म्हणाला होता, “आवं, ह्या पावसात म्हाराजांची मान्सं ही असलं नेसून गेली आस्तील व्हय? घोंगडं घ्या की.” शिंपीबुवांनी हे वाक्य सभेत जसेच्या तसे सांगितले आणि नवा पोशाख ठरवायची जबाबदारी स्वतःवर घेतली.

पुढची दोन-तीन वर्षे ही मंडळाची खरी शाळा. महाराजांची जुनी चित्रे पाहिली, तर त्यांत राजा दिसतो, सरदार दिसतात. पायी चालणारा साधा शिपाई क्वचितच. मग शिंपीबुवांनी उलट्या बाजूने विचार केला. या वाटेवर आजही पावसात काम करणारा माणूस काय घालतो? धनगर आणि रोपलावणीची बायामाणसे काय पांघरतात? त्यातून जे ठरले ते असे: इचलकरंजीच्या मांजरपाटाची बाराबंदी, गुडघ्याखाली जेमतेम येणारा चोळणा, कमरेला शेला, डोक्याला हाताने बांधायचे मुंडासे आणि खांद्यावर काळी घोंगडी. घोंगड्या सणगरांकडून विणून घेतल्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. नवी घोंगडी टोचते, वास मारते, आणि भिजली की जड होते. पण आत माणूस उबदार राहतो. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी धारेला लागून खाली जाते. भाताच्या खाचरांत वाकून काम करायला बांबू आणि पानांचे इरले उत्तम, पण पठारावरच्या वाऱ्यात ते उडते. एक हंगाम वापरून आपण ते सोडले.

मुंडाशाची योग्यता सगळ्यांत उशिरा कळली. सुरुवातीला कुणाला ते बांधता येईना. सकाळी निघायला तासभर उशीर होई. नंतर त्याच कापडाने मुरगळलेला पाय बांधला, ओढा ओलांडताना एकमेकांना धरले, पोहे गाळले, आणि एकदा पाय घसरून पडलेल्या सभासदाला दोन काठ्यांवर झोळी करून खालच्या वाडीपर्यंत आणले. प्रथमोपचाराच्या यादीत मुंडासे घालावे अशी सूचना आली होती. ती विनोदाने आली आणि गांभीर्याने मंजूर झाली.

पायांत काय घालायचे हा प्रश्न मात्र इतिहासाने सुटला नाही. कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान, २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण आषाढातल्या चिखलात ती कातडी चप्पल फुगते, निसटते आणि रुतून बसते. अनवाणी चालण्याचा आग्रह धरणारे दोघेजण मांडलाईवाडीला थांबले ते दुसऱ्या दिवशी जीपनेच परत आले. तेव्हापासून घोट्याच्या खाली शिवकाळ लागू नाही, असा दंडक आहे. रबरी बूट चालतात. जळवांना तर तेच आवडत नाहीत.

तलवारींचेही तसेच. खऱ्या धातूची हत्यारे घेऊन रस्त्याने चालायला कायद्याची हरकत, आणि निसरड्या उतारावर अकलेची. मर्दानी खेळाच्या आखाड्यातली पोरे पहिल्यांदा नाराज झाली. आता ती मुक्कामाला लाठी फिरवून दाखवतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. हलगी सोबत असते, पण पावसात कातडे सैल पडून तिचा आवाज बसतो. चूल पेटलेली दिसली की हलगीवाला आधी तिथे जातो, चहा नंतर.

स्त्रिया मोहिमेत आल्या तेव्हा त्यांनी काय घालावे यावर पुरुषांनी लांबलचक चर्चा केली. इतिवृत्तात तिची तीन पाने आहेत. ज्या भगिनी येणार होत्या त्यांनी चर्चा संपण्याची वाट न बघता कुणी काष्ट्याची नऊवारी, कुणी बाराबंदी-चोळणा असा आपापला निर्णय घेतला आणि चालू लागल्या. ठराव नंतर झाला.

आता वाटेबद्दल. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमायचे, शिवा काशीदांच्या समाधीला हार घालायचा, मग तुरुकवाडी आणि म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठार. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आणि आंबेवाडीच्या आसपास मुक्काम. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, पाटेवाडी, सुकामाचा धनगरवाडा, म्हसवडे, पांढरेपाणी आणि पावनखिंड. सगळे मिळून पन्नासेक किलोमीटर. पहिला दिवस दमवतो. दुसरा दिवस शिकवतो. कारण दुसऱ्या दिवशी वाट दाट झाडीतून आणि गुडघाभर पाण्याच्या खाचरांतून जाते, बांधावरून तोल सांभाळत चालावे लागते, आणि लावणी केलेल्या रोपावर पाय पडला तर शेतकरी काय बोलेल याची धास्ती असते. आपली रांग एकामागे एक अशीच चालते ती शिस्त म्हणून नव्हे, रोपे वाचावीत म्हणून. पावनखिंडीत कासारी नदीचा उगम आहे. तिथल्या पाण्याचा आवाज इतका की भाषण करू इच्छिणाऱ्यांना मुकाट्याने उभे राहावे लागते. ही मला निसर्गाची मोठीच कृपा वाटते.

निधीची गोष्ट वेशाइतकी रंगीत नाही, पण महत्त्वाची आहे. पहिली काही वर्षे आपण वाटेवरच्या शाळांत वह्या वाटल्या. मुलांना रांगेत उभे करायचे, मुंडासे बांधलेल्या पाहुण्याच्या हातून वही द्यायची, छायाचित्र काढायचे. मग एका वाडीवरच्या शिक्षकांनी कार्यकर्त्यांना आत बोलावून कपाट उघडून दाखवले. कपाट वह्यांनी भरले होते. जुलै महिन्यात येणारा प्रत्येक गट वह्याच आणत होता, आणि जूनमध्ये शाळा उघडताना लागणाऱ्या गोष्टी कुणीच आणत नव्हते. मुलांच्या पायांत चपला नव्हत्या. रेनकोट जुलैत मिळून उपयोग काय, निम्मा पावसाळा तोवर अंगावरून गेलेला असतो. आणि रांगेचे छायाचित्र मुलांना आवडत नाही, हे शिक्षकांनी सांगितले ते सौम्य शब्दांत. आम्ही ते लिहून घेतले.

त्या वर्षापासून आपण व्यवहार उलटा केला. झोळी वेशात फिरते, पण दान साध्या कपड्यांत जाते. मे महिन्यात चार कार्यकर्ते वाड्यांवर जाऊन शिक्षकांना विचारून यादी करतात, शाळेच्या पहिल्या आठवड्यात सामान पोहोचते, छायाचित्र काढायचे नाही. जुलैत मोहीम जाते तेव्हा त्या मुलांना आपण फक्त चालणारे लोक म्हणून माहीत असतो. वेश मागण्यासाठी आहे, देण्यासाठी नाही. हे वाक्य कुणी प्रथम उच्चारले यावर मतभेद आहेत, पण मंडळाच्या घटनेत नसूनही आजवर कुणी ते मोडलेले नाही. काही देणगीदार यावर रुसले. पाटी नाही, फोटो नाही, तर आमची देणगी दिसणार कुठे, असा त्यांचा सवाल होता. त्यांना हिशेबाची वही दाखवली. काही परत आले, काही नाही.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाल्यावर हिशेबतपासनीस आले आणि त्यांनी शैक्षणिक मदतीच्या संस्थेत घोंगड्यांची खरेदी कशासाठी, असे विचारले. खजिनदारांनी त्यांना मोहिमेला यायचे निमंत्रण दिले. ते आले नाहीत. पोशाख निधीची वेगळी वही मात्र तेव्हापासून सुरू झाली. वेशाचा खर्च चालणाऱ्याने स्वतः करायचा आणि झोळीतला रुपया संपूर्ण वाडीवर जायचा, ही आजची पद्धत त्या एका प्रश्नातून आली. त्या गृहस्थांचे आभार इथे मानतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निधी शिरोळ तालुक्याकडे वळवला गेला. घोंगड्याही गेल्या, त्यांतल्या बऱ्याच परत आल्या नाहीत आणि कुणी मागितल्याही नाहीत. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे मोहीम निघाली नाही. २०२२ मध्ये ‘पावनखिंड’ चित्रपट आला आणि पुढच्या पावसाळ्यांत वाट माणसांनी फुलून गेली. आनंदाची गोष्ट खरी. पण मसाई पठारावर प्लास्टिकच्या बाटल्या आणि बिस्किटांचे कागद जमा झाले, अरुंद बांध तुडवले गेले. आपण संख्या मर्यादित केली आणि परतताना कचऱ्याची पोती आणायला लागलो. झोळी हे आपले बोधचिन्ह असेल, तर दुसरे पोते आहे असे म्हणायला हरकत नाही.

एक नोंद करू नये असे काही सभासदांचे मत होते. संपादकांनी ती माझ्यावर सोपवली आहे. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या प्रश्नावरून आंदोलन झाले आणि त्याच दिवशी गजापुरात जमावाने घरांची, वाहनांची आणि मशिदीची नासधूस केली. गजापूर आपल्या वाटेचा शेवट आहे. आपला वेश पाहून कुठल्याही घरातल्या माणसाने दार लावून घ्यावे, अशी वेळ या मंडळाला परवडणारी नाही. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, हे आपण मुक्कामाच्या भाषणात सांगत आलो आहोत. त्यानंतरच्या सभेत ते भाषण लांबवण्याऐवजी आचारसंहिता लिहिली: मोहिमेच्या पोशाखात कुठल्याही मोर्चात जायचे नाही, आणि गेल्यास सभासदत्व संपते. ठरावाला विरोध झाला. तो बहुमताने मंजूर झाला, एकमताने नव्हे, हेही इतिहासात राहू दे.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाही, आणि मधली वाट तर कुठल्याच यादीत नाही. ती वाट तिथल्या शेतकऱ्यांच्या बांधांवरून जाते म्हणूनच टिकली आहे, असे माझे मत आहे. तिला फरशी बसवण्याची कुणाला घाई होऊ नये.

सध्याची अडचण वेगळी आहे. वाटेवरच्या शाळांचा पट घटतो आहे. घरे कामासाठी कोल्हापूर-पुण्याकडे गेली, आणि उरलेली मुले मोठ्या गावातल्या शाळेत जातात. रेनकोट आणि चपलांपेक्षा त्यांना रोजच्या जाण्यायेण्याचा प्रश्न मोठा आहे. यंदाच्या सर्वसाधारण सभेत वाहनखर्चासाठी वर्षभराची तरतूद करावी असा प्रस्ताव आला. खजिनदारांचे म्हणणे असे की एका रविवारच्या झोळीत बारा महिन्यांचे डिझेल बसत नाही; झोळी दोनदा फिरवा, नाहीतर वाड्या निम्म्या करा. वाड्या कमी करायला कुणी तयार नाही. दुसरी फेरी शिवजयंतीच्या सुमारास काढायची की दिवाळीआधी, यासाठी उपसमिती नेमली आहे. तिची पहिली बैठक स्मरणिका छापून आल्यावर होईल. ज्यांना मुंडासे बांधता येते त्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत.